बाई, साबण वितळला आणि बरणीही तडकली नाही

पुणे, भर आषाढात

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला पत्र लिहायचं आणि तेही चारचौघांत, हे तुम्हाला पसंत पडणार नाही याची कल्पना आहे. तुमच्या दाराखालून चिठ्ठी सरकवता आली असती. पण ती तुम्ही लाल शाईने तपासून, ऱ्हस्व-दीर्घाला गोल करून परत वर पाठवली असती. शिवाय तुम्ही मला जे समजावून सांगितलंत ते आपल्या जिन्यातच राहिलं असतं. ब्रशने फेस काढून दाढी करणारी माणसं पुण्यात अजून आहेत, त्यांनाही ते कळावं म्हणून हे उघड आभारपत्र. तुमचं नाव घातलेलं नाही, सोसायटीचंही नाही.

सगळ्यात आधी आभार मानायचे ते एका प्रश्नाबद्दल. मी विचारलं होतं, "बाई, दाढीचा साबण वितळवून दुसऱ्या भांड्यात ओतता येईल का?" दुसऱ्या कुणी हो किंवा नाही सांगून मला वाटेला लावलं असतं. तुम्ही म्हणालात, "कुठला साबण? खाली घेऊन ये." शाळेतसुद्धा तुम्ही उत्तर कधी सरळ दिलं नाहीत. तेव्हा त्याचा राग यायचा.

साबण खाली आला. गोल, जाड वडी, शंभर ग्रॅमची. नुसती प्लास्टिकच्या वेष्टनात येते, भांडं आपलं आपण बघायचं. साबणदाणीत ठेवली की पावसाळ्यात खालून बुळबुळीत होते, ब्रश फिरवताना घसरते, आणि माझ्याकडच्या कुठल्याही वाटीच्या तळाशी ती बसत नव्हती, कारण वडीचा घेर मोठा. तुम्ही ती खिडकीशी नेलीत, उजेडासमोर धरलीत, मागे बोट हलवून पाहिलंत. बोट धूसर दिसलं. मग चष्मा बदलून वेष्टनावरची मुंगीच्या पायांएवढी अक्षरं मोठ्याने वाचलीत: पोटॅशियम स्टिअरेट, सोडियम स्टिअरेट, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल. "हा वितळेल," एवढंच म्हणालात.

आणि न वितळणारा कसा असतो तेही सांगितलंत. पांढरा, अपारदर्शक, टणक, यंत्राच्या रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून काढलेला साबण विस्तवावर ठेवला तर त्याचा धड पातळ रस होत नाही. गोळे होतात, कडेने करपतो. त्याला किसणी. किसून, पाण्याचे थोडे थेंब शिंपडून, भांड्यात अंगठ्याने दाबून बसवायचा आणि सुकू द्यायचा. हा भेद माहीत नसल्यामुळे किती चांगले साबण गॅसवर वाया गेले असतील! दुकानदार साबण विकतो, पण हे सांगत नाही. आपण विचारतही नाही.

दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा वेगळा का, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि ते जन्मात कधी दाढी न केलेल्या व्यक्तीकडून कळलं, याची मला आजही गंमत वाटते. तेल किंवा चरबी आणि अल्कली यांचा संयोग झाला की चरबीच्या एका रेणूमागे साबणाचे तीन रेणू आणि ग्लिसरीनचा एक रेणू तयार होतो. हे नववी-दहावीत तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. पण अल्कली म्हणून कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरला तर साबण मऊ होतो, पाण्यात चटकन विरघळतो. म्हणून दाढीच्या साबणात दोन्ही असतात. आणि स्टिअरिक आम्ल भरपूर घालतात, कारण त्याचा फेस दाट होतो आणि गालावर टिकून राहतो. शाळेत हे कुणी दाढीच्या ब्रशसकट शिकवलं असतं तर मुलं मागच्या बाकावर झोपली नसती. (मुली झोपत नव्हत्याच.)

आता तांब्याच्या वाटीबद्दल. कसबा पेठेत तांबट आळीतून मी ती हौसेने आणली होती. ठोक्यांचं माठारकाम केलेली, हातात घेतली की खाली ठेवावीशी वाटत नाही अशी. साबण त्यातच ओतायचा असं मी ठरवूनच आलो होतो. तुम्ही वाटी हातात घेतलीत, कारागिराचं मनापासून कौतुक केलंत, आणि ती तुमच्या फ्रिजवर ठेवून दिलीत. "तांब्यात साबण साठवायचा नाही." साबणातली स्निग्ध आम्लं तांब्याशी जुळतात आणि हिरवट थर धरतो, शिवाय तांब्याच्या संगतीत तेलाचे पदार्थ लवकर खवट होतात. पितळेतही तांबंच असतं, म्हणून तेही नको. ॲल्युमिनियम नको, कारण अल्कली त्याला खाते. कल्हई लावून घेऊ का, असं मी चिवटपणे विचारलं. तुम्ही म्हणालात, कल्हई स्वयंपाकाला ठीक, पण रोज ओला ब्रश घासला की ती किती टिकणार? स्टीलचा डबा चालेल, काच चालेल, चिनी माती उत्तम.

आणि मग तुम्ही माळ्यावरून तुमची लोणच्याची बुटकी, रुंद तोंडाची बरणी काढून दिलीत. बाई, पुण्यात कुणी कुणाला लोणच्याची बरणी देत नाही. लोणचं देतात, आणि बरणी परत मागतात. तिची झिलई कुठे उडालेली नाही ना, हे तुम्ही नखाने फिरवून पाहिलंत. झिलई शाबूत असेल तर मातीत वास मुरत नाही. मी घरी आणून सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, उन्हाची एक तिरीप मिळाली तेव्हा गॅलरीत वाळवली. हिंगाचा वास येईल असं घरातल्यांचं भाकीत होतं. आला नाही.

प्रत्यक्ष काम तुमच्याच ओट्यावर झालं. तुम्ही शाळेतून निवृत्त होताना मिळालेला, लाकडी पेटीतला लाल स्पिरिटचा थर्मामीटर बाहेर काढलात, तेव्हाच मला जाणवलं की तुम्हीही याची वाट बघत होतात.

साबणाचे सुरीने लहान तुकडे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तिवईवर स्टीलचं छोटं पातेलं, त्यात साबण, वर ताटली. थेट आचेवर तळ करपतो आणि वर कच्चं राहतं. पाण्यावर ठेवलं की साबण पाण्याच्या उकळबिंदूपुढे जाऊच शकत नाही. "पुण्यात पाणी किती अंशाला उकळतं?" तुम्ही विचारलंत. मी शंभर म्हणालो. तुम्ही थर्मामीटर दाखवलात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. पण आपल्याला तेवढंही नको होतं. पाणी उकळू न देता नुसतं वाफाळतं ठेवायचं, साबण 60 अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतो, 70 च्या पुढे न्यायचा नाही. जास्त तापला तर त्यातलं पाणी आणि सुगंध उडून जातात, रंग पिवळट होतो आणि गार झाल्यावर तो रबरासारखा चिवट बनतो. ताटली झाकायची तीही पाणी उडू नये म्हणूनच. लवकर वितळावा म्हणून वरून पाणी मात्र घालायचं नाही, नाहीतर वडी दिवसचे दिवस लिबलिबीत राहते.

मायक्रोवेव्हचं मी नाव काढलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. चालतो, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग थांबून बघायचं. आतलं पाणी एका जागी उकळलं की दाढीचा साबण आपला धर्म पाळतो, म्हणजे फेसाळून वाटीबाहेर येतो.

ढवळण्यावरून तुम्ही माझ्या हातातला चमचा काढून घेतलात. ज्या वस्तूचं जन्मकाम फेस होणं आहे तिला खसाखसा ढवळलं तर काय होणार? चमचा तळाशी ठेवून अगदी हळू फिरवायचा. तुकडे विरत असताना तुम्ही शेलेची गोष्ट सांगितलीत. 1779 मध्ये त्या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं आणि त्याला एक गोड, दाट द्रव मिळाला. तेच ग्लिसरीन. पूर्वीचे रसायनतज्ज्ञ चव घेऊन बघायचे, हे तुम्ही अशा सुरात सांगितलंत की माझी बोटं आपोआप पातेल्यापासून लांब गेली. कारखान्यात मिठाचं पाणी घालून साबण वेगळा काढतात आणि ग्लिसरीन बाजूला काढून औषधांना, सौंदर्यप्रसाधनांना विकतात, हेही तेव्हाच कळलं. पारदर्शक साबणात ते मुद्दाम ठेवतात किंवा वरून घालतात.

ओतण्याआधी बरणीत गरम पाणी घालून ती कोमट केलीत आणि आतून कोरडी पुसलीत. थंड चिनी मातीत एकदम गरम रस पडला तर ती तडकू शकते. साबण 55 अंशांवर येईपर्यंत थांबलो. पातळ राहायला तेवढी ऊब पुरते, आणि सुगंधही कमी उडतो. बरणी दोन तृतीयांशच भरली. काठोकाठ भरली असती तर ब्रश फिरवायला जागाच नसती आणि फेस पहिल्याच दिवशी बेसिनभर झाला असता. ही सूचना तुमची होती, आणि ती ऐकून मी तुमच्याकडे जरा संशयाने पाहिलं होतं. इतकी वर्षं समोरच्या घरातल्या कुणाला तरी दाढी करताना तुम्ही नीट निरखलं असणार.

वर बारीक बुडबुड्यांची साय आली. तुम्ही आधी गॅस बंद आहे ना, शेगडी गार आहे ना, ते बघितलंत, मग औषधाच्या दुकानात मिळणारं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवाऱ्याच्या बाटलीतून दोनदा फुसफुसवलंत. बुडबुडे फुटले आणि खाली आरशासारखा लख्ख पृष्ठभाग! अल्कोहोल पृष्ठताण बदलतं, बुडबुड्याची भिंत टिकत नाही. हे वाचणाऱ्यांनी एवढं मात्र पाळावं: अल्कोहोल आणि पेटता गॅस एका ओट्यावर नको.

मला बरणी फ्रिजमध्ये ठेवायची घाई होती. तुम्ही नाही म्हणालात. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, आणि फ्रिजमधून बाहेर काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब जमतात. रात्रभर ओट्यावर, जाळीखाली. सकाळी साबण कडेने अगदी किंचित सुटला होता. गार होताना आकसतो, तेव्हा वडी हलली तर घाबरू नकोस, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. ब्रशच्या पाण्याने ती दोन-चार दाढ्यांत धरून बसते.

आषाढाच्या या ओल्या हवेत साबणाला घाम फुटतोच. तुमच्या सांगण्याप्रमाणे दाढी झाल्यावर वरचा फेस पाण्याने काढतो, पाणी पूर्ण ओततो, बरणी पंख्याखाली उघडी ठेवतो, आणि कोरडी झाल्यावरच झाकण लावतो. झाकणाशिवाय ठेवली तर थेंब धरतात, ओली झाकली तर तळाशी चिखल होतो. एवढी काळजी कॅनमधल्या फोमला लागत नाही, हे खरं. पण त्या डब्यातून येतो तो फेस नाही, फेसाचं सोंग आहे, आणि याबाबतीत मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

परवा मात्र फेस बसेना. ब्रश तोच, साबण तोच, हातही तोच. मग लक्षात आलं की टाकीत टँकरचं पाणी आलं होतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका करतात, म्हणून फेस पडत नाही. तुमचा वर्ग सुटून इतकी वर्षं झाली तरी हे न विचारता आठवलं. प्यायच्या आरओच्या पाण्यात ब्रश भिजवला आणि काम झालं. महापालिकेचं पाणी पुन्हा सुरू झाल्यावर ते करावं लागलं नाही.

तांब्याची वाटी तुम्ही परत दिलीत तेव्हा म्हणालात, यात साबण ठेवू नकोस, पण फेस घुसळायला वापर आणि लगेच धुऊन पूस. आता तसंच करतो. बरणीतून ब्रशवर साबण घ्यायचा, वाटीत घुसळायचा, गालावर लावायचा. माठारकामाच्या खळग्यांमुळे ब्रशला चांगली पकड मिळते, हा फायदा ना मला सुचला होता ना तुम्हाला.

बाई, बरणी परत देणार नाही. तिच्या बदल्यात तशीच नवी आणून तुमच्या दारात ठेवली आहे, कैऱ्यांचा हंगाम पुन्हा येईलच. सोबत कागदात गुंडाळलेली एक पांढरी वडी आहे, वडिलांच्या कपाटात सापडली. उजेडासमोर धरली, बोट दिसत नाही. वेष्टन नाही, त्यामुळे काय घातलंय ते वाचता आलं नाही. माझ्या अंदाजाने ही किसणीचीच आहे. तुम्ही बघून सांगा, किसणी मी घेऊन येतो.

आपला विद्यार्थी,
तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला