पोकेमॉनच्या अंड्याची भीती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा त्याचा पोकेमॉन कार्डांचा (जपानी खेळ आणि कार्टूनमधले काल्पनिक प्राणी) अल्बम माझ्याकडे लपवायला घेऊन आला. त्यांच्या फॅमिली ग्रुपवर काहीतरी फॉरवर्ड आलं होतं की ही राक्षसांची चित्रं आहेत, घरात ठेवली की मुलं देवधर्म विसरतात, आणि आजी ती जाळायला निघाल्या होत्या. प्लॅस्टिकच्या कप्प्यात एकेक कार्ड, फाटलेल्या कडेला सेलोटेप, पहिल्या पानावर पिकाचू. "काकू, आजी शांत झाली की नेतो," म्हणाला, आवाज रडवेला झाला होता.

मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण माझा मुलगा पण २००३-०४ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर हेच बघून मोठा झालाय आणि ही भीती तेव्हाही नवीन नव्हती. १९९९ मधे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या एका चर्चमधे पास्टरनी लहान मुलांसमोर ही कार्डं ब्लोटॉर्चने जाळली होती. २००१ मधे सौदी अरेबियात फतवा निघून बंदी आली, कारणं काय तर हा जुगार आहे, यात उत्क्रांतीवाद आहे, चित्रांत दुसऱ्या धर्माच्या खुणा आहेत. आणि त्याच्याच आदल्या वर्षी इटलीतल्या कॅथलिकांच्या सॅट २००० चॅनेलने हाच खेळ कल्पक आहे, मैत्रीवर आधारलेला आहे असं म्हटलं होतं!

आता ते उत्क्रांतीचं. खेळात पोकेमॉनच्या रूप बदलण्याला इव्होल्यूशन म्हणतात, म्हणून हा आरोप. हा खेळ बनवणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडत फिरायचे, त्यातून त्यांना हे सुचलं. पोकेमॉन मोठा होऊन रूप बदलतो ते सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं, आपल्या कढीपत्त्याच्या झाडावर दर पावसाळ्यात होतं तेच. एका शब्दावरून धर्म बुडाला म्हणायचं आणि मुलाला काय दिसतंय ते विचारायचंच नाही, याचा मला फार राग येतो.

आपल्याकडचं बघा. २०१६ मधे पोकेमॉन गो आलं, म्हणजे मोबाइल घेऊन खऱ्या जागांवर फिरत पोकेमॉन पकडायचा खेळ, तेव्हा गुजरात हायकोर्टात जनहित याचिका झाली की देवळांत, जैन मंदिरांत खेळातली अंडी दिसतात आणि भावना दुखावतात, कोर्टाने नोटीसही काढली. ज्यांच्या घरात अंडं आणत नाहीत त्यांना ते खटकलं असेल हे मी समजू शकते. पण ते अंडं मोबाइलच्या स्क्रीनवरचं, दोन, पाच नाहीतर दहा किलोमीटर चाललं की फुटून त्यातून पोकेमॉन निघायचा इतकंच, गाभाऱ्यात कोणी काही ठेवत नव्हतं. आणि कुठल्या जागेला हे नको असेल तर कंपनीला कळवून ती जागा खेळातून काढून घेता येत होती, हिरोशिमाच्या शांती उद्यानाने तेच केलं. त्याच याचिकेत मोबाइल बघत फिरणाऱ्या मुलांच्या जिवाला धोका आहे, लोकांच्या खासगीपणावर घाला येतो हे मुद्दे पण होते, ते खरे काळजीचे, पण चर्चा सगळी अंड्याची झाली.

हेच मला सांगायचंय. डिसेंबर १९९७ मधे जपानमधे पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सहाशेवर लोकांना, त्यात बहुतेक मुलंच, हॉस्पिटलमधे न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद ठेवली, लुकलुकणाऱ्या दृश्यांचे नियम केले आणि मग परत सुरू केली. खरा धोका सापडला की तो असा दुरुस्त करता येतो. सौदीच्या फतव्यातला जुगाराचा मुद्दा पण मी उडवून लावणार नाही, बंद पाकिटात कुठलं कार्ड निघेल ते माहीत नसतं, भारी कार्ड मिळेपर्यंत मूल पैसे मागत राहतं, अमेरिकेत १९९९ मधे पालक याच कारणाने कोर्टात गेले होते. आज मोबाइल गेममधे तेच चाललंय आणि वडिलांचा यूपीआय पिन मुलाला पाठ असतो, त्यावर फॅमिली ग्रुपमधे एक ओळ येत नाही.

मी आजींशी बोलले. त्यांना अल्बम मांडीवर घेऊन पोराला एकेकाचं नाव विचारायला लावलं, त्याने बल्बासॉर दाखवला, पाठीवर कांदा असलेला, मोठा झाला की त्या कांद्याला फूल येतं. आजी म्हणाल्या, हे तर झाडच आहे की. कार्डं अजून माझ्याच कपाटात आहेत, रविवारी न्यायला येणार आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली