खानापूर तालुक्यातल्या मावशींचे जाहीर आभार

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

जमिनीवर धावणारे भुंगेरे कधी वितात हे बघायचं होतं. ते पकडायला बांधावर प्लास्टिकचे पेले पुरू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "पुरा की, फक्त बैलाचा पाय पडंल तिथं नको." पुढे मिरगाचा पाऊस असा लागला की मला बेळगावातून निघताच येईना. तेव्हा रोज सकाळी छत्री घेऊन पेले तुम्हीच तपासलेत.

त्यातच एकदा काळ्या भुंगेऱ्यांमध्ये एक फिकट, मऊ भुंगेरा तुम्हाला दिसला. बाकीचे त्याला खातील म्हणून ओली माती घालून तुम्ही तो गोळ्यांच्या रिकाम्या डबीत वेगळा ठेवलात. मी हातात घेतला तेव्हा त्याची पाठ बोटाखाली दबत होती. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा असाच असतो. थोड्या दिवसांत कवच टणक होतं आणि मग ही खूण जाते. तो पेल्यातच राहिला असता तर नवी पिढी कधी वर आली हे मला कळलंच नसतं.

पेल्यात किती सापडले, यावर मी फार विसंबत नाही. जो जास्त धावतो तो जास्त सापडतो, आणि विणीच्या दिवसांत धावपळ वाढते. वयाचं तसं नाही, ते अंगावरच्या खुणांवरून ओळखता येतं. जुन्या भुंगेऱ्याच्या जबड्यांची टोकं झिजलेली असतात. मादीच्या अंडाशयात, अंडनळ्यांच्या तळाशी पिवळसर ठिपके दिसले, तर तिने आधी अंडी घातलेली आहेत असं समजायचं. काही जातींच्या माद्या तर दुसऱ्या वर्षीही अंडी घालतात.

डेन्मार्कच्या भुंगेऱ्यांवर लार्सन यांनी १९३९ साली मोठं काम केलं. तिकडे वसंतात विणाऱ्या जाती हिवाळा प्रौढ म्हणून काढतात, शरदात विणाऱ्या बहुधा अळी म्हणून. पण त्यांना अडवते ती थंडी. आपल्या शिवारात उन्हाळ्यात जमीन भेगाळते त्याचं काय? तिकडचं वेळापत्रक इथे लावून चालणार नाही. इथे रोज बघणारं माणूस हवं, आणि ते तुम्ही होतात.

बांध तासताना गवताचा एक पट्टा तुम्ही राखलात, त्याबद्दलही मनापासून आभार. यांच्या अळ्या आणि कोष मातीतच असतात.

सुगी आटोपली की येतो, पेले काढून खड्डे बुजवून देतो. "ह्यातली म्हातारी कंची?" असं तुम्ही विचारलं होतंत. सूक्ष्मदर्शक घेऊनच येतोय. ते पिवळे ठिपके तुम्ही स्वतः बघा.

आपला नम्र,
पेलेवाला