प्रार्थना झाल्यावर कोणाच्या घरी जाता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शेतकरी आत्महत्यांचे आकडे आले होते, जिल्ह्याजिल्ह्यातले, पात्र किती अपात्र किती, एक लाखाची मदत कोणाला भेटली अन् कोणाची फाईल पडून आहे. मी दोनदा वाचलं. पण त्या घरात मागं लेकरं किती राहिली हे कुठंच नव्हतं. म्हणून हे लिहून राहिली आहे, मोबाईलवर टाईप करते, काही चुकलं तर दुरुस्त करून घ्या.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमचं चर्च लहानसं, टिनाचं, रविवारी तीस-पस्तीस माणसं येतात, कापूस वेचायच्या दिवसात तं तेवढीही नसतात. पण कितीतरी वर्षांपासून आमच्या प्रार्थनेत आफ्रिकेतल्या लेकरांसाठी विनंती होते. नवीन माणूस आला की विचारते, एवढ्या दूरच्या लेकरांचं काहून? याचं कारण माझी मावसबहीण. ती सिस्टर म्हणजे चर्चची नन आहे अन् नर्सही, आफ्रिकेतल्या झांबिया देशात एनडोला शहराकडं बारा वर्षं होती. एड्सनं तिकडं घरंच्या घरं रिकामी केली. २००३ साल संपताना जगात दीड कोटी लेकरांचे माय किंवा बाप किंवा दोघंही एड्सनं गेले होते अन् त्यातली सव्वा कोटीच्या आसपास एकट्या सहाराच्या खालच्या आफ्रिकेतली, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा आहे. एवढ्यांना पुरतील इतके अनाथाश्रम कोणता देश बांधणार? दवाखान्यातही खाटा नव्हत्या. मग एनडोलाच्या कॅथलिक धर्मप्रांतानं १९९१ पासून घरी जाऊन सेवा सुरू केली, अन् जाणार कोण, तं चर्चमधल्या त्याच बाया, ज्या पाण्यासाठी लाईन लावत होत्या अन् ज्यांच्या स्वतःच्या घरातही कोणीतरी गेलंच होतं. पगार नाही, काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात बहीण आली होती, आम्ही अंगणात कुरडया घालत होतो तेव्हा तिनं एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जातच नाही. ती एका सेविकेसोबत एका घरी गेली, तिथं दोन भाऊ अन् एक लहान बहीण, मोठा भाऊ चौदाचा असेल, मोठं माणूस कोणीच नाही. ती बाई घरात गेली अन् काही न बोलता मक्याच्या पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, हात घालून पीठ कुठवर आहे ते बघितलं. मग लहानीच्या डोक्यातले केस बाजूला करून बघितलं, खरूज आहे का. मग मधल्याची शाळेची वही मागितली अन् शेवटच्या पानावरची तारीख बघितली. तारीख आठ दिवस जुनी होती. तेव्हा ती खाली बसली अन् विचारलं, आठ दिवस कुठं होता रे? तं समजलं की दुसऱ्याच्या वावरात कामाला जाऊन राहिला होता, पिठासाठी. एवढं सगळं झाल्यावर तिनं तिघांचे हात धरून प्रार्थना केली, दोनच मिनिटं, अन् निघताना सांगून गेली की मंगळवारी येते. अन् मंगळवारी आली, बहीण म्हणे, पाऊस होता तरी आली.

मला वाटते ती जी प्रार्थना होती ना, तिच्यात त्या लेकरांची नावं होती, पिठाचा डबा होता, वहीची तारीख होती. आम्ही इथं बसून "हे प्रभू, आफ्रिकेतल्या मुलांना सांभाळ" म्हणतो ते खोटं नाही, मनापासूनच म्हणतो. पण आम्ही मग घरी येऊन जेवतो.

झिंबाब्वेत मुतारे नावाचं शहर आहे, तिथंही असंच काम १९९३ मध्ये एका चर्चपासून सुरू झालं. गावातल्या बाया निवडल्या, बऱ्याच जणी स्वतः विधवा, त्यांनी आपापल्या भागातल्या अनाथ लेकरांची नोंद केली, कोणाला आधी गरज हे ठरवलं अन् घरी जाणं सुरू केलं. लेकरू घरातून उचलून दुसरीकडं न्यायचं नाही, आजीजवळ, काकाजवळ, आपल्याच गावात राहू द्यायचं अन् त्या घराला टेकू द्यायचा. त्याच देशात जुनी एक रीतही आहे, झुंडे रामाम्बो म्हणतात, म्हणजे गावप्रमुखाचं वावर, सगळं गाव मिळून पेरते, निंदते, अन् ते धान्य निराधार, विधवा अन् अनाथ लेकरांसाठी कोठीत राहते. ही चर्चच्याही आधीची रीत आहे. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर लेकरंच घर चालवत होती, तिथं गावातल्याच मोठ्या माणसांनी एकेका घराची जबाबदारी घेतली, त्यांना न्कुंदाबाना म्हणतात, त्यांच्या भाषेत अर्थ होतो "मला लेकरं आवडतात". किती साधं नाव.

औषधाचंही सांगते, कारण त्यात आपल्या देशाचा हात आहे. एड्सच्या औषधांचा खर्च एका माणसाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होता, २००१ मध्ये आपल्या सिप्ला कंपनीनं ते ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. पण गोळी स्वस्त झाली म्हणून ती पोटात जात नाही ना, रोज घ्यावी लागते, न चुकता, अन् दहा वर्षांच्या लेकराला रोज आठवण कोण देणार? तिथंही त्याच बाया. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशातली मदत थांबवली, ज्यातून ही औषधंही जात होती, तेव्हा मला सगळ्यात आधी हेच मनात आलं, की पगारी माणसं घरी बसली तरी शेजारची बाई तर दाराशी आहे. पण तिच्या हातात गोळ्याच नसतील तं ती तरी काय करणार. त्या रविवारी मी खूप रडली.

आता आपल्या इकडचं. आमच्या गावात तेरा वर्षांची एक पोरगी आहे, बाप विष पिऊन गेला, कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं म्हणून केस अपात्र झाली, माय वर्षभरात आजारपणात गेली. पोरगी अन् तिचा लहान भाऊ आजीजवळ राहतात. माझ्या घरापासून चार घरं सोडून. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती, खरंच करत होती, पण उंबरठा चढली नव्हती. बहीण गेल्यावर एक दिवस गेली अन् तशीच वही मागितली. शेवटची तारीख दीड महिन्यापूर्वीची. आजीचा अंगठा राशनच्या मशीनवर उमटत नव्हता, जन्मभर कापूस वेचून अन् निंदण करून बोटावरच्या रेषाच गेल्या आहेत, दोन महिने धान्य उचललं नव्हतं अन् पोरगी मजुरीला जात होती. चार घरं सोडून, साहेब, अन् आम्हाला माहीत नव्हतं. याच्यात सरकारचा दोष असेल तो असेल, पण गावाचा आहे अन् माझा आहे.

लोक म्हणाले आश्रमात टाका. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग लेकरांना स्वतःचं नाव दिलं, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री भेटली, त्यांच्यापुढं मी हात जोडते. पण त्या लेकरांचं जगात कोणीच नव्हतं. या पोरीची आजी आहे, घर आहे, मैत्रिणी आहेत. तिला काहून उपटायचं?

अन् धर्माचंही बोलून टाकते, कारण मागून बोलतील. ती पोरगी चर्चमध्ये येत नाही, मी बोलावलंही नाही. आजी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसते, तिथली एक बाई अन् मी अशा दोघी मिळून जातो, मी बुधवारी, ती शनिवारी. प्रार्थना ज्याची त्यानं आपल्या देवाजवळ करावी. तुकडोजी महाराजांच्या या भागात संध्याकाळी प्रार्थना होत नाही असं गाव शोधून सापडणार नाही, मंदिरात हरिपाठ आहे, विहारात वंदना आहे, आमचं चर्च आहे. माणसं रोज एका जागी जमतातच. मग त्यातल्या दोघा-चौघांनी एक वही काढावी, गावात माय-बाप नसलेली लेकरं किती, कोणाजवळ राहतात, शाळेत जातात का, एवढंच लिहावं अन् घरं वाटून घ्यावी. पैसा नंतर, आधी जाणं सुरू करावं.

पैशाचं म्हणाल तं सरकारची बालसंगोपन योजना आहे, एका लेकरामागं महिन्याला २२५० रुपये, अन् गावात विचारा कोणाला माहीत आहे का. आम्ही दोघींनी फॉर्म भरला. मृत्यूचे दाखले, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, पासबुक अन् घरासमोर लेकरांचा आजीसोबत फोटो. त्या फोटोसाठी पोरीनं स्वतः आजीची वेणी घातली. दाखल्यांसाठी चार चकरा झाल्या, आजीला एकटीला हे जमलंच नसतं. एका ऑफिसात तं आम्हाला दोन तास उभं ठेवून उद्या या म्हणाले. फाईल अजून मंजूर नाही. राशनचं मात्र झालं, अन् पोरगी शाळेत जाऊन राहिली आहे.

तर साहेब, एक विनंती. या योजनेची कागदपत्रं कोणती लागतात, अर्ज कुठं द्यायचा, कोणाला भेटायचं, याची एक चौकट आपल्या पेपरात छापा, मोठ्या अक्षरात, म्हणजे ती कापून चर्चच्या, मंदिराच्या अन् विहाराच्या भिंतीला लावता येईल. जागा कमी पडत असेल तं माझं पत्र राहू द्या, चौकट छापा.

आपली,
एक वाचक
ता. अचलपूर, जि. अमरावती