सूचना : ओलावा पाहूनच ठिबक संच चालविण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याची टंचाई लक्षात घेता ठिबक संच केवळ ठरलेल्या वेळेनुसार न चालवता जमिनीतील ओलाव्याच्या नोंदी पाहूनच चालवावा. ओलावा मोजणारा सेन्सर किंवा टेन्शिओमीटर (माती पाणी किती ताणाने धरून ठेवते हे दाखवणारे उपकरण) ड्रीपरने भिजणाऱ्या भागात, पिकाच्या कार्यक्षम मुळांच्या खोलीवर बसवावा आणि त्याभोवती माती घट्ट दाबावी. पोकळी राहिल्यास आकडा चुकतो आणि त्यावर विसंबलेला स्वयंचलित व्हॉल्व्ह गरज नसताना पाणी सोडतो किंवा पीक तहानलेले असतानाही बंद राहतो. शक्य असल्यास दुसरा सेन्सर मुळांच्या खाली बसवावा, कारण तेथील ओलावा वाढू लागला की पाणी निचरून वाया जात असल्याचे समजते.

टेन्शिओमीटरचा आकडा वाढणे म्हणजे जमीन कोरडी होणे, हे नवीन सभासदांनी ध्यानात ठेवावे. साधारण ८० सेंटीबार (हा ताण मोजण्याचे एकक) याच्या पुढे हे उपकरण विश्वासार्ह राहत नाही. हलक्या जमिनीत भारी जमिनीपेक्षा कमी आकड्यावरच पाणी सुरू करावे. ठिबक संचाचा फिल्टर नियमित धुवावा.

कळकळीची विनंती अशी की, मोबाइलवर नोंदी येत असल्या तरी शेतात जाऊन, मुळांजवळची माती हातात घेऊन त्या अधूनमधून पडताळून पाहाव्यात.