खेद नाटकाला की मंडळाला?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातील एका मंडळाने जत्रेनिमित्त ठेवलेला नाट्यप्रयोग अवकाळी पावसामुळे पुढे ढकलावा लागला आणि तशी सूचना देवळाच्या आवाराबाहेर मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लावण्यात आली. ‘प्रयोग पुढे ढकलावा लागत आहे, हे कळविण्यास आम्हांस खेद वाटतो’ ही मराठी ओळ निर्दोष होती. तिच्याखाली मात्र ‘रिग्रेटफुली, द प्ले हॅज बीन पोस्टपोन्ड’ असे लिहिलेले होते. हाच घोटाळा मला निमंत्रणपत्रिकांत, शाळांच्या परिपत्रकांत, नोकरीच्या अर्जांत आणि अलीकडे तर शोकसंदेशांतही वारंवार आढळतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

इंग्रजीत खेदाची दोन क्रियाविशेषणे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की अनेकांना ती एकच वाटतात. ‘रिग्रेटफुली’ म्हणजे खेदाने, मनात खेद बाळगून. हा शब्द वाक्यातील कर्त्याच्या मनाची स्थिती सांगतो, त्यामुळे त्या कर्त्याला मन असावे लागते. ‘शी रिग्रेटफुली डिक्लाइन्ड द इन्व्हिटेशन’ या वाक्यात निमंत्रण नाकारणाऱ्या बाईंना वाईट वाटले आहे. ‘रिग्रेटेबली’चे काम वेगळे आहे. तो शब्द कर्त्याला चिकटत नाही. घडलेली सबंध गोष्ट खेदजनक आहे, असा बोलणाऱ्याचा अभिप्राय तो देतो. ‘रिग्रेटेबली, शी डिक्लाइन्ड द इन्व्हिटेशन’ असे म्हटले की वाईट वाटले ते सांगणाऱ्याला. बाईंनी कदाचित अगदी आनंदानेही नकार दिला असेल. आमच्या फलकावरील वाक्यात कर्त्याच्या जागी नाटक बसले आहे, आणि नाटकाला खेद होत नाही. मंडळाला स्वतःचा खेद सांगायचा होता, तर ‘वुई हॅव रिग्रेटफुली पोस्टपोन्ड द प्ले’ असे लिहिता आले असते; त्यात ‘आम्ही’ आले आणि खेदाला धनी मिळाला. ‘आम्ही’ टाळायचेच असेल, तर ‘रिग्रेटेबली’ हवे.

हा फरक शिकवायला मराठी शिक्षकाला इंग्रजी व्याकरणाचे जाडजूड पुस्तक उघडावे लागत नाही. ‘फुल’ हा प्रत्यय भरलेपण सांगतो आणि ‘एबल’ पात्रता सांगतो. आपल्याकडे ‘खेदपूर्वक’ आणि ‘खेदजनक’ हे शब्द नेमके याच दोन जागांवर उभे आहेत, आणि ‘ही घटना खेदपूर्वक आहे’ असे चौथीतला मुलगाही लिहिणार नाही. शिवाय खेद कोणाचा, हे आपण आधी सांगतो. मराठीत ‘मला वाईट वाटले’, कोकणीत ‘म्हाका वायट दिसलें’: दोन्हीकडे वाईट वाटणारा माणूस वाक्याच्या दारातच उभा असतो. इंग्रजी क्रियाविशेषण त्याला आत लपवते, आणि गडबड तेथेच होते. पहिली ते चौथी मराठी शाळेत काढून पाचवीला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात येणारी मुले मी अनेक वर्षे शिकवली. त्यांच्याकडून समानार्थी शब्दांच्या याद्या घोकून घेण्यापेक्षा ‘वाईट कोणाला वाटले?’ एवढे मराठीतून विचारले की बहुतेकांचा हात आपोआप योग्य शब्दावर पडत असे. घरच्या भाषेचा वर्गात उच्चारही नको, असा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांशी माझे या मुद्द्यावर कधीच पटले नाही.

‘सॅडली’ या शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून तेथे जागा आणि स्वल्पविराम पाहावे लागतात. ‘सॅडली, ही लेफ्ट द व्हिलेज’ म्हणजे तो गाव सोडून गेला ही वाईट गोष्ट झाली. ‘ही लेफ्ट द व्हिलेज सॅडली’ म्हणजे तो जड मनाने गेला. शोकसंदेशात हा शब्द वाक्याच्या शेवटी ढकलला, तर मृत व्यक्ती दुःखी मनाने वारली असा अर्थ निघू शकतो, आणि तो कोणत्याही कुटुंबाला नको असतो.

‘अनफॉर्च्युनेटली’ व्याकरणदृष्ट्या सर्वांत निरुपद्रवी आहे. तो आपल्या ‘दुर्दैवाने’सारखा सबंध वाक्यावर बसतो, आणि तेथे कोणी फारसे चुकत नाही. माझी तक्रार त्याच्या वापराविषयी आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने माझी कागदपत्रे गहाळ केली आणि मला पत्र पाठवले, ते याच शब्दाने सुरू होत होते. पाऊस पडला, दरड कोसळली, वीज गेली, तर दुर्दैव म्हणावे. ज्याच्या कपाटातून कागद गेले त्याने दुर्दैवाला साक्षीला बोलावू नये. तेथे दिलगिरीच हवी, आणि इंग्रजीत ती ‘वुई अपॉलजाइझ’ अशी सरळ क्रियापदाने मागता येते. क्रियाविशेषणाने क्षमा मागता येत नाही. मराठीत आपण दुर्दैव, हळहळ, खंत, दिलगिरी आणि पश्चात्ताप यांत भेद करतो. इंग्रजीतही ‘रिमोर्सफुली’ म्हटले की स्वतःच्या हातून चूक झाल्याची टोचणी त्यात येते, जी ‘रिग्रेटफुली’त असेलच असे नाही.

‘सॉरी’ला प्रत्यय लावून ‘सॉरिली’ करणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटत. हा शब्द शब्दकोशात आहे, पण त्याचा अर्थ केविलवाण्या, दयनीय रीतीने असा होतो, त्यामुळे क्षमा मागायला तो निरुपयोगी आहे. त्याचप्रमाणे ‘अनफॉर्च्युनेटली वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ ही पाहुण्याला दोनदा निरोप देण्याची रीत झाली. दोहोंपैकी एक पुरे. आणि ‘रिग्रेट’ क्रियापदाविषयी एक जाता जाता: ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे आता जे सांगणार आहे त्याचा खेद, तर ‘आय रिग्रेट सेइंग’ म्हणजे पूर्वी बोलून गेलो त्याचा. अर्जात या दोहोंची अदलाबदल झाली, तर अर्जदार आपलेच म्हणणे मागे घेत असल्यासारखा दिसतो.

काही शब्दकोशांनी ‘रिग्रेटफुली’चा ‘खेदाची गोष्ट अशी की’ हा अर्थही आता नोंदवला आहे, असे कोणी मला दाखवून देईल, आणि ते खरे आहे. ‘होपफुली’ या शब्दाच्या बाबतीतही हेच झाले. ‘आशा आहे की’ या अर्थाने तो वापरण्यावर अनेक वर्षे टीका होत राहिली, आणि शेवटी 2012 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने तो वापर मान्य केला. तरीही दोन्ही उदाहरणांत मला एक फरक दिसतो. ‘होपफुली’ला त्या कामासाठी सोयीचा जोडीदार शब्द नव्हता, म्हणून लोकांनी त्यालाच जुंपले, ‘रिग्रेटफुली’च्या शेजारी ‘रिग्रेटेबली’ तयार उभा आहे. शिवाय परीक्षक आणि नोकरी देणारे अधिकारी अजून जुन्याच भेदाने लेखन तपासतात, आणि गुण जातात ते मुलांचे.

आपल्या दैनिकाने विद्यार्थ्यांसाठी अशा जवळच्या शब्दांचा परिचय मराठीतून, आपल्या गावांतील फलक व पत्रिकांची नमुन्यादाखल वाक्ये घेऊन, आठवड्यातून एकदा छापावा, अशी विनंती आहे. फलक लावणाऱ्यांची नावे अर्थातच वगळावीत. आमच्या मंडळाला मी सुधारित ओळ लिहून दिली आहे. नव्या तारखेच्या फलकावर ती घालण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
डिचोली, गोवा