पत्रिकेवर +९१ छापा

मा. संपादक,

जत्रांच्या पत्रिका यायला लागल्या आहेत. बहुतेकींवर देवस्थानचा फोन ०८३२ने सुरू होतो. गावात ते चालते, पण वर्गणी पाठवणारी मुले लंडन, लिस्बन, कुवेतला असतात, त्यांनी काय करावे?

म्हापशात माझा एस.टी.डी. बूथ होता. आता तिथे झेरॉक्स मशीन आहे, तरी लोक नंबरांच्या चिठ्ठ्या घेऊन येतातच. परवा एक काकी लंडनच्या लेकाचा नंबर लागत नाही म्हणून आल्या. चिठ्ठीवर ४४ आणि पुढे ०७. ते मधले शून्य फक्त ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये लावायचे, इथून गाळायचे. आपल्या ०८३२चेही तसेच, परदेशातून +९१ ८३२. पोर्तुगालच्या (३५१) नंबरांना असे शून्य नसतेच. इटलीच्या लँडलाइनचे शून्य मात्र ३९ नंतरही ठेवावे लागते. कोणी ठरवले हे, देव जाणे!

अधिक चिन्हाच्या जागी प्रत्येक देशाचा बाहेर जाण्याचा आकडा येतो: इथून ००, अमेरिकेतून ०११. मोबाइलला तो आपोआप कळतो, म्हणून नंबर + सकट सेव्ह करावा. बोटीवरच्या मुलांनी ८७०ने सुरू होणारा नंबर दिला असेल तर तो सॅटेलाइटचा. दर विचारूनच लावा, बिल पाहून घेरी येईल.

देवस्थान समित्यांनी यंदा पत्रिकेवर +९१ छापावे. छापखानेवाल्यांनी प्रूफ दाखवतानाच विचारले तरी काम होईल.

– एक जुना बूथवाला, म्हापसा