वासंतीस पत्र : जुनी डॉल्फिन घेण्याआधी

यूजीन, ऑरेगन
12 ऑक्टोबर

प्रिय वासंती,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. 1984 सालची टोयोटा डॉल्फिन, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच! भावजी तिच्यावर भाळले नसते तरच नवल. तू विचारलंयस, 'घ्यावी का?' माझं मन म्हणतं, जरूर घ्या. निवृत्तीनंतर दोघांना फिरायला याहून सोयीची गाडी मला माहीत नाही. वीस-एकवीस फुटांची, साध्या पार्किंगमध्येही जागा मिळते, आणि आत झोपायला, रांधायला सगळं आहे. पण पैसे हातावर ठेवण्याआधी हे पत्र दोघांनी बसून वाचा.

एक गोष्ट आधी लक्षात घे. या गाड्यांना दोन बाप आहेत. पुढचा भाग, म्हणजे केबिन, इंजिन आणि चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा), टोयोटाच्या पिकअपचा. मागचं घर अमेरिकेतल्या कंपन्यांनी त्यावर बांधलं. डॉल्फिन, सनरेडर, विनेबेगोची वॉरियर, सगळ्यांची हीच गत. साधारण सत्तरच्या दशकापासून 1993 च्या सुमारापर्यंत हे चाललं. पिकअपचे सुटे भाग आजही कुठल्याही दुकानात मिळतात, कारण तसे पिकअप लाखोंनी विकले गेले. घराचे भाग मात्र मिळत नाहीत, ते हातानेच करावे लागतात. म्हणून गाडी बघायला गेलात की बॉनेटकडे नंतर वळा, आधी घर बघा. भावजी इंजिन ऐकत उभे राहतील, त्यांना राहू दे. तू आत जा.

या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. डॉल्फिनच्या भिंतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, मधे थर्माकोल, आतून पातळ प्लायवूड आणि बाहेरून पत्रा किंवा फायबरग्लास. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने ठोकलेली असते आणि तिच्याखाली पुटीची फीत. ती पुटी वीस-तीस वर्षांत वाळून कडक होते. मग प्रत्येक स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब पाणी आत शिरतं. बाहेरून काही दिसत नाही, आणि आतला सांगाडा कुजत राहतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे केबिनच्या वर पुढे आलेला पलंगाचा भाग. तो अधांतरी असल्यामुळे रस्त्यावर सतत हलतो, आणि पावसात चालवताना समोरचं पाणी वाऱ्याच्या जोरावर नेमकं त्याच सांध्यावर आदळतं.

तिथली गादी उचल. चारही कोपऱ्यांत अंगठ्याने जोरात दाब. प्लायवूड दबलं, कुरकुरलं, किंवा कुबट वास आला, तर समज आत काय आहे ते. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि छताच्या व्हेंटभोवतीही हेच कर. नुकताच नवा वॉलपेपर किंवा पॅनेल लावलेलं दिसलं तर जास्त संशय घे. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र फार महाग नसतं, माझंच तुला पोस्टाने पाठवते आहे. लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा गेला की तिथे काम निघालंच म्हणून समज.

आमची 1987 ची गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने 'छत नवं सील केलंय' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. केलं होतं, पण काचेच्या टाकीला लावतात त्या सिलिकॉनने. वासंती, सिलिकॉन हा या गाड्यांचा शत्रू आहे. ते पत्र्यावरून सुटत जातं, पाणी खाली अडकून राहतं, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी डावा पुढचा कोपरा उघडला. आधी पट्टीतली प्लास्टिकची दोरी ओढून काढली, तिच्याखाली गंजलेले स्क्रू, काहींची डोकी पान्ह्याखालीच तुटली. पट्टी उचलली तर आतलं लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं बोटांनी निघून आलं. आतून प्लायवूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापत गेले, आणि मग पंखा लावून तो भाग नीट वाळू दिला. ही वाळण्याची पायरी कधीही गाळू नकोस. ओलं लाकूड आत बंद केलं की पुढच्या वर्षी तोच कोपरा पुन्हा उघडावा लागतो. मग नव्या पट्ट्या, नवा थर्माकोल, नवं प्लाय. जुनी पुटी प्लास्टिकच्या पात्याने खरवडली, मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रवाने) पत्रा लख्ख पुसला, ब्यूटिल या चिकट रबराची नवी फीत लावली आणि स्टेनलेसचे स्क्रू हळूहळू, आळीपाळीने आवळले, म्हणजे फीत सगळीकडे सारखी दबून बाहेर येते. बाहेर आलेली कापून टाकायची. वरच्या कडेला छताचं सीलंट. गेल्या हिवाळ्यात इथे पाऊस कोसळला तरी तो कोपरा कोरडा होता. रात्री टॉर्च घेऊन मी मुद्दाम हात लावून बघायची आणि जो आनंद व्हायचा, तो कसा सांगू!

आता चाकं. हे मी अगदी गंभीरपणे लिहिते आहे. आधीच्या बऱ्याच गाड्यांना अर्धा टन ओझ्याच्या साध्या पिकअपचाच मागचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल होता. वर घराचं एवढं ओझं, म्हणून मागे दोन-दोन चाकं लावली, पण खालचा अ‍ॅक्सल तोच राहिला. त्यात प्रत्येक बाजूला एकच बेअरिंग, आणि गाडीचा भार थेट अ‍ॅक्सलच्या दांड्यावर येतो. बेअरिंग गेलं किंवा दांडा तुटला की चाक निखळून बाहेर. पुढे एक टन ओझ्याची चॅसी आली. तिच्यात भार दांड्याबाहेरच्या नळीवर, दोन बेअरिंगांवर असतो आणि दांडा फक्त फिरवण्याचं काम करतो. ओळखायचं कसं? मागच्या चाकाचे नट मोज. पाच असतील तर जुना, कमकुवत अ‍ॅक्सल. सहा असतील आणि मधे हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चांगला बाहेर आलेला असेल, तर भक्कम. टोयोटाने नंतर अशा गाड्या परत बोलावून अनेकांचे अ‍ॅक्सल बदलून दिले, त्यामुळे 1984 च्या गाडीलाही सहा नट असू शकतात. तुझ्या फोटोंत मागचं चाक नेमकं सावलीत आहे. पाच निघाले, तर अ‍ॅक्सल बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मालक तयार नसेल तर सरळ घरी परत या. 'हळू चालवू' असं भावजी म्हणतील, ते अजिबात ऐकू नकोस.

टायरवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघ. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसली तरी जुने टायर बदला.

इंजिन 22आर असेल, कार्ब्युरेटरवालं. फार दणकट, पण 1983 पासून त्याच्या टायमिंग चेनचे (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीचे) मार्गदर्शक प्लास्टिकचे आले, आणि ते तुटले की चेन समोरचं कव्हर घासत घासत भोक पाडते. मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तेलात मिसळतं आणि इंजिन संपतं. रात्रभर थंड राहिलेली गाडी सुरू करताना पुढून खडखड ऐकू येते का, ते ऐकायचं. म्हणून मालकाला आधी फोन करून सांग, आमच्या येण्याआधी गाडी सुरू करू नका. खडखड आली तर लोखंडी पाठ असलेले मार्गदर्शक बसवता येतात. व्हॉल्व्हची फट तुम्ही स्वतःच लावा, इंजिन गरम असताना इनटेक 0.008 इंच, एक्झॉस्ट 0.012. भावजींना ते काम नक्की आवडेल, आणि व्हॉल्व्हचं झाकण उघडंच आहे तर चेनचे मार्गदर्शकही टॉर्चने बघून घ्या.

तुमच्या कॅलिफोर्नियात एक अडचण आहे ती म्हणजे स्मॉग, गाडीच्या धुराची तपासणी. 1976 आणि त्यानंतरच्या पेट्रोलच्या गाड्यांना तपासणी लागते, आणि कार्ब्युरेटरवाल्या गाडीत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातली एक जरी तडकली तरी गाडी नापास. प्रमाणपत्र देणं विकणाऱ्याचं काम आहे, ते हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका.

प्रोपेनची, म्हणजे आतल्या गॅसची, गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. प्रत्येक जोडावर लाव, फुगे आले की गळती. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली असतो. जुना असेल तर नवा घ्याच. कार्बन मोनॉक्साइडचाही. फ्रिज घरच्यासारखा नाही, अमोनियावर चालतो आणि गाडी सपाट जमिनीवर उभी असेल तरच थंड करतो. नाही झाला तर लगेच बिघडलाय म्हणून टाकू नका, आधी खाली सपाट लेव्हल लावून बघा.

घेतलीत तर पहिली सफर आमच्याकडेच करा. पण वाटेतला सिस्कियूचा घाट 4,310 फुटांचा आहे, आय-5 महामार्गावरचा सगळ्यात उंच. तिथे ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) असेल तर बंद करा, उजव्या लेनमध्ये राहा, ट्रक पुढे गेले तर जाऊ द्या. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, खालचा गिअर टाका.

उद्याच मालकाला फोन कर. आधी नट विचार, मग स्मॉगचं प्रमाणपत्र, मग छत कशाने सील केलंय ते. मागच्या चाकाचा फोटो उजेडात काढून पाठव. भावजींना नमस्कार, आणि माझ्या यंत्राच्या सुया वाकवू नका म्हणावं.

तुझी,
सुनंदा